यक्षाला बिऱ्हाड पाहिजे

तीर्थरूप आत्यास,

भाचीचा साष्टांग नमस्कार. (खरं तर साष्टांग घालता येत नाहीये, कमरेत उसण भरली आहे; का भरली ते पुढे येईलच. तूर्त नुसती मान लववली आहे असं समज.) इकडे सगळे खुशाल. तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टर जिने चढू नका म्हणतात आणि तू तिसऱ्या मजल्यावर राहतेस, याला काय म्हणावं ते थोरल्या माणसांना लिहीत नसतात, म्हणून लिहीत नाही. हे सगळं फोनवरच बोलले असते, पण बाबांचं नाव निघालं रे निघालं की तू फोन ठेवतेस. सगळा जन्म टेलिफोन ऑफिसात परक्या लोकांना जोडून देण्यात घालवलास आणि सख्ख्या भावाचं नाव आलं की लाइन कट! पत्राचं तसं नसतं. रागानं टेबलावर आपटलंस तरी चहा पिऊन झाल्यावर परत उचलशील, मी काय तुला ओळखत नाही?

तर मुद्द्याचं बोलते. अंगणातला वड तोडायचा असं मी ठरवलं आहे. थांब, फाडू नकोस, पुढे वाच. वडाची मुळं आपल्या सुतारकामाच्या कारखान्याच्या भिंतीखाली शिरली आहेत. भिंतीला अशी भेग गेली आहे की पलीकडचा पॉलिशवाला मला पटाशी द्यायला दारातून येतच नाही, भेगेतून हात घालतो. करवतीचं मशीन एका अंगाला कललं आहे, त्यामुळे चौकटी तिरक्या निघतात. गेल्या महिन्यात एका गिऱ्हाइकाकडे दार बसवून दिलं, ते कडी काढली की आपलं आपण सताड उघडतं. (तो म्हणतो, सासरेबुवा आले की फार पंचाईत होते.) गवंड्यानं भेगेत बोट घालून सांगितलं, बाई, एक तर झाड ठेवा नाहीतर भिंत. आता भिंत गेली तर छप्पर खाली, छप्पर खाली आलं तर कारखाना बंद, आणि कारखाना बंद म्हणजे माझ्यासकट सगळ्या कारागिरांच्या घरची चूल बंद. बाबांनी गादी माझ्या हवाली केली ती काही बुडवायला नाही. तेव्हा झाड जाणार. मी ठरवलं म्हणजे ठरवलं, आणि हा गुण मी कुणाकडून उचलला ते तुला सांगायला नको.

अडचण एकच आहे, आणि ती तू आणलेली आहेस. यक्ष!

आठवतं ना? आम्ही पोरं खेळून तशीच मातीच्या पायांनी घरात घुसायचो, म्हणून तू सांगितलंस की वडावर हिरव्या सदऱ्याचा यक्ष राहतो आणि खालून जाणाऱ्याला विचारतो, पाय धुतले का? आम्ही घाबरून पाय धुवायचो. मग तो अभ्यासाचंही विचारू लागला, नखांचंही, आणि ताटातल्या भाजीचंही. (एवढा चौकस यक्ष त्रैलोक्यात दुसरा नसेल.) तिथवर ठीक होतं. पण बाबा छप्पर वाढवायला म्हणून कुऱ्हाड घेऊन निघाले, तेव्हा तू त्याच यक्षाला रखवालदार नेमलंस. झाडाला हात लावलास तर तो तुला सोडणार नाही म्हणालीस. बाबा म्हणाले, दाखव. तू म्हणालीस, तो तुझ्यासारख्याला दिसत नाही. झालं! बाबांनी इरेला पेटून एक फांदी तोडली, ती नेमकी तुझ्या झोपाळ्याची. तू बॅग भरलीस आणि या घराचा उंबरठा पुन्हा चढणार नाही म्हणून जी गेलीस, ती गेलीसच. पण जाताना यक्षाला बरोबर नेलं नाहीस. तो इथेच राहिला, आणि आज कारखान्यातला एकही माणूस त्या झाडाला करवत लावायला तयार नाही.

आधी तर तो नक्की कोण यावरच महिना गेला. पॉलिशवाला म्हणतो, तो ब्रह्मराक्षस असणार. कारण त्याच्या सावलीत बसलं की डोक्यात नसते विचार येतात. करवतवाला म्हणतो वेताळ. स्वयंपाकाच्या मावशी म्हणाल्या की यक्ष नसून यक्षीण आहे, बाप्या असता तर एवढी वर्षं एका जागी गप्प बसलाच नसता. शेवटी गुरुजींना बोलावलं. त्यांनी झाडाला प्रदक्षिणा घातली, खोडाला कान लावला आणि म्हणाले की ज्याला यक्ष म्हणून बोलावलं, तो यक्षच. रीत फार सरळ आहे, आत्या. झाड तोडायच्या आदल्या संध्याकाळी बुंध्याशी नैवेद्य ठेवायचा, हात जोडायचे आणि म्हणायचं, इथे जे कोणी राहत असाल त्यांनी हे घ्यावं, रागावू नये आणि दुसरीकडे बिऱ्हाड करावं. मला तर ही रीत फार आवडली. आपली माणसंसुद्धा एकमेकांशी इतकी नीट बोलत नाहीत. मी नैवेद्य ठेवला, हात जोडले, सगळं म्हटलं. सकाळी झाडं तोडणारा आला, कुऱ्हाड खाली ठेवली आणि म्हणाला, दुसरीकडे म्हणजे कुठे? मी म्हटलं, ते त्याचं तो बघेल. तो म्हणाला, वा! म्हणजे जागा मिळाली नाही की माझ्या घरी येणार. पत्ता द्या, मग तोडतो. आणि गेला.

मग माझं डोकं फिरलं. म्हटलं, कुणी नको, मीच तोडते. करवत कमरेला बांधली, शिडी लावली आणि चढले. वर पोचले आणि शिडी घसरून आडवी झाली. मी फांदीवर, शिडी जमिनीवर, कारागीर जेवायला गेलेले, आणि बाबा खाली खुर्चीत पेपर वाचत बसलेले. बाबांना हाका मारल्या, तर ते कानातलं यंत्र काढून ठेवतात दुपारी. अशी किती वेळ बसले कोण जाणे. तेवढ्यात शेजारच्या दातांच्या डॉक्टरची आई आली. तिनं वर पाहिलं. पानांतून दिसत असणार ते माझे भुशानं माखलेले केस आणि लाल डोळे. ती चटकन हात जोडून उभी राहिली आणि म्हणाली, महाराज, माझ्या सुनेला सुबुद्धी कधी येणार? आता तूच सांग, अशा वेळी काय बोलायचं? मी ओरडले, आधी शिडी आणा!

ती लगबगीनं गेली. मला वाटलं, सुटले. कुठली सुटते! ती थेट बाजारात गेली आणि शिडी विकत घेऊन आपल्या घरी गेली. झालं असं की त्यांच्याकडे माळ्यावरचं सामान काढायला शिडी नव्हती, सून रोज स्टुलावर चढून कंबर मोडून घ्यायची आणि त्यावरूनच रोज वाजायचं. शिडी आली, भांडण मिटलं. आता सासू-सुना दोघी मिळून यक्षाला नमस्कार करायला येतात आणि येताना ओळखीच्या बायकांना घेऊन येतात. मला मात्र पॉलिशवाल्यानं उतरवलं, तेही हसून हसून त्याच्या हातातली शिडी हलत असताना. शेवटच्या दोन पायऱ्यांवरून मी उडीच मारली. (कमरेचा खुलासा झाला.)

तेव्हा यक्षाला जागा शोधणं आलं. आता मला सांग, याच्याहून चांगला भाडेकरू कुठे मिळेल? पोरंबाळं नाहीत, रेडिओ नाही, पाण्याचा खर्च नाही, भिंतीला खिळे ठोकणार नाही. पण झाडवाली माणसं फार बेरकी. शाळेच्या मुख्याध्यापिकाबाईंच्या आवारात केवढं झाड आहे! त्या म्हणाल्या, आमच्याकडे प्रश्न विचारणारे खूप आहेत, उत्तरं देणारा कुणी असेल तर पाठवा. निवृत्त न्यायाधीशांनी विचारलं की तो जायला तयार झाला नाही तर दावा कुणावर लावायचा. दातांच्या डॉक्टरचा तर विरोध निराळाच. त्याला यक्ष आमच्याकडेच हवा आहे, कारण नमस्काराला आलेल्या बायका जाता जाता दात दाखवून जातात. शेवटी रोपवाटिकेवाल्यानं तोडगा काढला. म्हणाला, याच वडाची फांदी कुंडीत लावू. घर तेच, फक्त लहान. गुरुजींनाही ते पटलं. फांदी लावली, तिला पालवी फुटली. मी रीतसर पुन्हा नैवेद्य ठेवून यक्षाला म्हटलं, चला महाराज, नवीन जागा तयार आहे.

आणि आत्या, तो जाईना. कसं कळलं म्हणशील, तर बाबांमुळे. तुला हे कुणी सांगितलं नसेल. तू गेल्यापासून बाबांनी त्या झाडाचं पान तोडलेलं नाही. ते यक्षबिक्ष मानत नाहीत, कुणी नाव काढलं तर खवळतात. पण रोज सकाळी बुंध्याशी वाटीत पाणी आणि गुळाचा खडा ठेवतात. विचारलं तर म्हणतात, पाखरांसाठी. (पाखरं गूळ खातात का गं?) मी त्यांना म्हटलं, उद्यापासून वाटी कुंडीपाशी ठेवा, पाखरं तिकडे गेली आहेत. दुसऱ्या दिवशी त्यांनी वाटी वडाखालीच ठेवली, आणि खुर्चीही तिथेच ओढून बसले. रात्री जेवलेसुद्धा नाहीत. मला फार वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

पण मी हटणारी नाही. माझी विनंती एवढीच की यक्षाला बोलावलंस तू, तेव्हा नोटीसही तुझ्याच हातची हवी. चार ओळी लिहून पाठव: यक्षा रे, आता कुंडीत राहायला जा. मी झाडाखाली उभी राहून मोठ्यानं वाचीन. तुझं तो ऐकतो, सगळेच ऐकायचे. उत्तर आलं की झाड तोडायला घेते.

गुडघ्याला तेल लाव. औषध चुकवू नकोस. उत्तराची वाट पाहणारी, मोडक्या कमरेची पण ताठ कण्याची,

तुझी भाची

ता. क. पत्र बंद करता करता गुरुजी आले. म्हणतात, नुसती चिठ्ठी चालायची नाही. ज्यानं आणलं त्यानं स्वतः येऊन हाताला धरून न्यावं लागतं. तेव्हा तुला यावं लागेल. शपथेची काळजी करू नकोस. वड अंगणात आहे, उंबरठ्याच्या अलीकडे. तुझी खाटही अंगणातच टाकते. पावसापाण्याचं पुढे बघू.

आणखी ता. क. आता राहवत नाही म्हणून सांगून टाकते. झाड तोडत नाहीये. गवंडी परवाच भिंत नवी बांधून गेला. वडापाशी आली की ती पोट आत घेतल्यासारखी वळते आणि पुढे परत सरळ होते. मशीन दुसऱ्या टोकाला हलवलं, चौकटी सरळ निघतात. भिंत वळवायची अक्कल माझी नाही, बाबांची. कानातलं यंत्र घालून गवंड्याशेजारी दिवसभर उभे होते आणि मुळाला फावडं लागलं की त्याच्यावर ओरडत होते. भिंतीच्या वळणाला आतून एक खोली निघाली आहे, तळमजल्यावर, एकही पायरी नाही. खिडकी वडाकडे. दार मी स्वतः बसवलं आहे, आपलं आपण उघडत नाही. आणि उंबरठा मुद्दामच ठेवलेला नाही.

शेवटचं ता. क. बाबांनी पत्र वाचलं. पाकिटावर पत्ता घालायला दिलं होतं, तर चष्मा लावून सगळं वाचत बसले. मला वाटलं, आता फाडतात. फाडलं नाही. मग म्हणाले, माझ्या नावानं एवढंच लिही: तोडली होती त्या जागी नवी फांदी आली आहे, झोपाळा बांधण्याएवढी जाड. आणि तो तुझा यक्ष हल्ली पायांचं विचारत नाही. मी वाटी ठेवायला गेलो की रोज एकच विचारतो, ताई कधी येणार? त्याला मी काय सांगू?