पत्र्याची आतली बाजू

५ मार्च, मंगळवार

आपल्या गाडीला व्हॅन लागली. माणसं धडधाकट आहेत — आधी तेवढं लिहून टाकतो.

मधुरा, माझी सून, नात इशिताला शाळेतून घेऊन येत होती. बिशानच्या वळणावर रस्त्याचं काम निघालंय, दोन लेनची एक होते. तिथे आपली निळी गाडी आणि टोफू पोचवणारी एक पांढरी व्हॅन घासल्या. डाव्या बाजूच्या मागच्या दाराला पोचा — परातीएवढा! मधुरा म्हणते, मी थांबले होते, व्हॅन घासत पुढे गेली. व्हॅनवाला म्हणतो, मी थांबलो होतो, ही घुसली. गाडीतल्या कॅमेऱ्याचं कार्ड केव्हाच भरून गेलेलं. माझा मुलगा कुशल बोटीवर नोकरीला गेल्यापासून ते कोणी पाहिलंच नव्हतं. मधुराने फोनवर फोटो काढले, पण ते असे हललेत की दार कुठलं नि आभाळ कुठलं कळत नाही.

तिसऱ्या खेपेला लायसन मिळालं होतं पोरीला. घरी आल्यावर किल्ली खिळ्याला अडकवली आणि म्हणाली, "बाबा, आता मी स्टिअरिंगला हात लावणार नाही." कुशल ऑगस्टशिवाय येत नाही. मला इथे गाडी चालवायची परवानगी नाही. पण गाडीचं एक असो, तिचा चेहराच बघवत नाही.

६ मार्च, बुधवार

सिंगापुरात अपघाताचे कंत्राटदार असतात!

थट्टा नाही. आपल्याकडे लग्नाचा कंत्राटदार असतो ना — मांडव त्याचा, आचारी त्याचा, वाजंत्री त्याची, नवरा-नवरीने नुसतं पाटावर उभं राहायचं — अगदी तसा. शेजारणीने मधुराला नंबर दिला होता. सकाळी नऊला मिस्टर टेओ दारात हजर. शिडशिडीत माणूस, इस्त्रीचा शर्ट, बूट दाराबाहेर काढून आला. आल्या आल्या मधुराला घेऊन गेला, कारण आपल्या विमा कंपनीला लगेच खबर द्यावी लागते. तिथून परत आणून सोडलं आणि मग जेवणाच्या टेबलावर दुकान मांडलं. गॅरेज तो बघणार, नुकसान तपासणारा सर्व्हेअर तो बोलावणार, वकील लागला तर वकील तो देणार. शुक्रवारी तो येऊन गाडी घेऊन जाणार. आणि काम होईतो वापरायला दुसरी गाडी! दुपारी खाली येऊन उभीसुद्धा राहिली, चंदेरी रंगाची. चूक व्हॅनची ठरली की सगळा खर्च त्यांच्या विमा कंपनीवर.

मी चहा टाकायला आत गेलो होतो तेव्हाही त्यांचं बरंच बोलणं चाललं होतं. कागदावर कागद, सह्यांवर सह्या.

कराडला चाळीस वर्षं पत्रा ठोकला मी. ना शाळा ना उस्ताद, लोकांचे हात बघून शिकलो. आमच्याकडे ठोकलेली गाडी टोचन करून यायची तेव्हा मालक रडकुंडीला आलेला, त्याच्या मागे मेव्हणा, मेव्हण्यामागे हवालदार. विम्याचा माणूस उगवायचा तीन आठवड्यांनी, आणि आधी चहा प्यायचा. इथे एक माणूस, एक दिवस, आवाज न चढवता! मी आपला कप हातात धरून बघतच राहिलो. चहा गार झाला.

चंदेरी गाडी खाली उभी आहे. मधुरा इशिताला बसने घेऊन आली.

७ मार्च, गुरुवार, दुपार

एक गंमत केली आहे. मधुरा ऑफिसातून येईतो कोणाला सांगायचं नाही!

दोघी गेल्यावर खाली पार्किंगमध्ये गेलो. त्या पोच्यावरून हात फिरवला आणि राहवेना. चार वर्षांत पत्र्याला हात लावला नव्हता. वर येऊन सामान जमवलं — लाटणं, जुना टॉवेल, गरम पाण्याची किटली, कुशलचे पाने, पॉलिशची डबी. आधी बाहेरून घासून व्हॅनचा पांढरा रंग आणि ओरखडे काढले. मग दाराचं आतलं कव्हर सोडवलं. एकही क्लिप मोडली नाही! गरम पाण्याने पत्रा शेकला, टॉवेलात गुंडाळलेलं लाटणं आतून टेकवलं आणि हळूहळू, लेकराला थोपटावं तसं, कडेकडेने मध्यावर आलो. तीन तास लागले. शेवटी पत्रा "टक" करून जागेवर बसला. तो आवाज ऐकून अंगावर काटा आला. हात विसरले नाहीत!

आता दाराला पोचा होता असं सांगूनही कोणाला पटणार नाही. पोरीची भीती निम्मी तरी जाईल.

७ मार्च, संध्याकाळ

हात दाखवून अवलक्षण.

मधुराने दाराला हात लावला, आणि तिथेच पार्किंगच्या कठड्यावर बसून रडायला लागली. मला वाटलं आनंदाने. मग म्हणाली, बाबा, टेओ काल सांगून गेला होता — व्हॅनच्या विम्याचा माणूस आधी बघणार, तोवर गाडीला कोणी हात लावायचा नाही. ओरखडे कुठून कुठे गेलेत त्यावरूनच ठरतं, कोण थांबलं होतं आणि कोण चालत होतं. तोच एक पुरावा होता.

आणि तो मी पॉलिश लावून पुसला!

चाळीस वर्षं पोचा म्हणजे काढायची वस्तू. तो वाचायचाही असतो हे माझ्या बापजन्मात कोणी सांगितलं नव्हतं. वाचायचा म्हणून मी पाहिलाच नाही. इशिता म्हणाली, "आजोबा, यू कॅनॉट एनीहाऊ टच वन, लाह." म्हणजे, असा वाटेल तसा हात लावायचा नसतो. नऊ वर्षांची पोर, पण खरं बोलली.

टेओला फोन केला. ओरडला नाही. "अय्यो" म्हणाला, लांबलचक. इथले चिनी लोकही अय्यो म्हणतात.

८ मार्च, शुक्रवार

टेओ गाडी न्यायला आला तेव्हा मीही बसलो. म्हटलं, माफी तोंडावर मागावी. मधुरा कामावर गेली होती.

काय ते गॅरेज! जमिनीवर पान वाढून जेवावं. सोडवलेला प्रत्येक नटबोल्ट ट्रेमध्ये, ट्रेवर गाडीचा नंबर. एवढीशी डबी पत्र्याला टेकवली की पडद्यावर त्या निळ्याची सगळी कृती येते, कुठला रंग किती थेंब! मी डोळ्याने रंग जुळवायचो आणि ढगाळ दिवस असला तर काम उद्यावर टाकायचो.

तिथले पत्र्याचे कारागीर अंकल लिम. माझ्याच वयाचे, इंग्रजी माझ्याइतकंच मोडकं. त्यांनी पट्ट्यापट्ट्यांचा एक दिवा माझ्या दारासमोर धरला. पत्रा सरळ असेल तर पट्ट्या सरळ दिसतात, म्हणे. खालपासून वरपर्यंत सरळच गेल्या. फक्त एके जागी, अंगठ्याएवढी, जरा लाट. अंकल लिमनी तिथे बोट ठेवलं, माझ्याकडे पाहिलं, माझा तळहात हातात घेऊन उलटा-सुलटा केला आणि हसले. "सेम सेम," म्हणाले. समुद्रापलीकडचा माणूस, बोली निराळी, आणि घट्टे मात्र त्याच जागी! माझे डोळे भरून आले.

टेओ फोनवर बोलायला बाहेर गेला. अंकल लिमनी दाराचं आतलं कव्हर काढलं आणि टॉर्च दिली. पत्र्याच्या आतल्या बाजूला कारखान्यातून एक काळा थर मारून येतो. पोचा पडताना तो तडकतो, आणि पत्रा सरळ केला तरी तडे राहतात. बाहेरून मी सगळं पुसलं होतं. आत माझ्या पॉलिशचा हात पोचलाच नव्हता. माशाच्या खवल्यांसारखे तडे, सगळे एका दिशेला निजलेले. अंकल लिमनी एक बोट त्यावरून ओढलं — पुढून मागे.

मीही ओढलं. पुढून मागे.

व्हॅन घासत पुढे गेली असती तर खवले उलटे निजले असते. आपली गाडी चालत होती. व्हॅन थांबलेली होती.

देवा, केवढं लिहिलेलं असतं पत्र्यात! आणि मी जन्मभर वर-वर हात फिरवत बसलो.

अंकल लिमनी टॉर्च विझवली. कव्हर परत लावलं, एकेक क्लिप दाबली आणि माझ्या खांद्यावर थोपटलं. तेवढ्यात टेओ आला. म्हणाला, मंगळवारी त्यांचा सर्व्हेअर येईल, पण आता बाहेर काही उरलेलंच नाही, तर तो तरी काय म्हणणार. चूक निम्मी-निम्मी ठरून तरी सुटेल. "अंकल, मेबी लकी."

मान हलवून घरी आलो.

९ मार्च, शनिवार

मधुराने दोनदा विचारलं, गॅरेजवाले काय म्हणाले. छान आहे गॅरेज, म्हटलं.

१० मार्च, रविवार

सांगितलं.

कालपासून एकच हिशोब मांडत होतो. गप्प बसलो तर तो टोफूवाला न केलेल्या चुकीचं भरणार. बोललो तर पोरीला वाटेल, सासरा मला खोटं ठरवतोय. मी तिला खोटं मानत नाही. घाबरलेल्या माणसाला आपण थांबलोच होतो असं वाटतं, त्यात पाप नाही. पण उद्या तिने पुन्हा किल्ली घ्यायची ती कशाच्या जिवावर?

ती थालीपीठ थापत होती. इशिता खाली खेळायला गेलेली. मी म्हटलं, "मधुरा, दार आतून पाहिलं मी. पत्रा पुढून मागे गेलाय."

थालीपीठाला भोक पाडता पाडता तिचं बोट थांबलं.

मग तिने उरलेली भोकं पाडली. तेल सोडलं. झाकण ठेवलं. माझ्या ताटात वाढलं आणि म्हणाली, "खा बाबा, गरम आहे." त्यापुढे दिवसभर कामातून मान वर काढली नाही.

बोललो ते चुकलं की काय.

११ मार्च, सोमवार

सकाळी आंघोळ करून आलो तर मधुरा माझ्या खुर्चीसमोर बसलेली.

"बाबा, गाड्या घासल्या त्याच क्षणी मला कळलं होतं. गुरुवारी तुमच्यामुळे पुरावा गेला म्हणून नाही रडले मी. सुटले असं वाटलं. आणि सुटले असं वाटलं, म्हणून रडले."

मग माझ्यासमोरच टेओला फोन लावला. क्लेम नको म्हणाली. आपल्या विमा कंपनीला काय सांगायचं तेही तिने आधीच कागदावर लिहून ठेवलं होतं — तो थांबला होता, मी नव्हते.

आता ती चंदेरी गाडी परत द्यायची आहे आणि तिथून टोफूवाल्याकडे माफी मागायला जायचंय. मी जोडे घालून बसलोय. मधुरा किल्ली घेऊन दारात उभी आहे.