ज्याचं त्याला विचारावं

प्रिय यशू,

त्या दिवशी सकाळी मी एसीची जाळी धुऊन बाल्कनीत उभी करत होते. रात्री वारा सुटला होता, दोरीवरचे कपडे मातीने भरले म्हणून ते पुन्हा बादलीत घातले होते. खाली गॅसचा ट्रक हॉर्न वाजवत होता, डाळ कुकरमध्ये होती, कणीक भिजवायची राहिली होती. तेवढ्यात ऑस्लोहून तुझा फोन आला आणि तू एका दमात सांगून टाकलंस, आई, मी इथला जॉब सोडतेय, मस्कतला ऑफर आहे, म्हणजे तू माझ्या व्हिसावर राहशील, डिसायडेड. मी नुसतं बरं म्हटलं. जाळी ओलीच परत बसवली, आणि दुपारभर घराला ओल्या मातीचा वास येत राहिला.

फोनवर मी एक वाक्य पुरं करेपर्यंत तू तीन सोल्यूशन्स काढतेस, म्हणून लिहितेय. तुला मराठी वाचायला वेळ लागतो, तेच बरं आहे.

माझं इथलं राहणं तुझ्या बाबांच्या व्हिसावर होतं. ते गेल्यावर त्यांच्या कंपनीतल्या रमणने खेटे घालून दोनदा मुदत वाढवून आणली. आता पुढे जमणार नाही, असंही त्याने स्पष्ट सांगितलं. चिपळूणला काका बोलावतात, वहिनी, खोली रिकामीच आहे, म्हणतात, आणि मनापासून म्हणतात. पण इतकी वर्षं इथे मस्कतजवळ, सीबमध्ये काढल्यावर तिथे मी पाहुणी असते. इथे मासळीबाजारातला तो म्हातारा ओमानी अजून मला बाबांचं विचारतो. त्याला सांगून झालंय, तो विसरतो. मग मी बरे आहेत म्हणते आणि सुरमई घेऊन येते.

तू ऑस्लोच्या संगणक संशोधन संस्थेत लागलीस तेव्हा मी विचारलं होतं, तिथे नक्की काय करतात? तू दोनदा सुरुवात केलीस, ऑब्जेक्ट म्हणजे, आई, हाऊ डू आय से, आणि मग जाऊ दे म्हणालीस. मी जाऊ दिलं नाही. दहावीनंतर मी जे काही शिकले ते वाचूनच. इथल्या मराठी मंडळाच्या कपाटातली पुस्तकं संपली तशी हेही फोनवर वाचत बसले, शब्द अडला की थांबत. मला कळलं ते असं. साठच्या दशकात तुमच्या तिथल्या दोघा संशोधकांना रांगांचा अभ्यास यंत्रावर मांडायचा होता. एक पूल, त्यावर टोलनाका, रांगेत ट्रक आणि बस. तोवर प्रोग्राम म्हणजे वरून खाली हुकूमच हुकूम. सगळ्यांची माहिती एका बाजूला, आणि त्यांना हलवणारा दुसऱ्या बाजूला. यांनी ठरवलं, ट्रकची माहिती ट्रकजवळच राहू दे, आणि ट्रकला काय करता येतं तेही त्याच्याचजवळ. बसचं बसजवळ. दोघांत जे सारखं आहे ते वाहन म्हणून एकदाच लिहून ठेवायचं. मधल्याने सगळं डोक्यात धरायचं नाही, ज्याचं त्याला विचारायचं. चुकलं असेल तर हसू नकोस.

मला हे समजलं ते बाबांमुळे. रुसैलच्या गोदामाच्या फाटकावर ते ट्रक आत सोडायचे. नुसतं यल्ला, चल, तीन नंबर, म्हणायचे आणि पाठ फिरवून पुढच्या गाडीकडे जायचे. एकदा ते रजेवर असताना बदली माणूस प्रत्येक गाडीच्या मागे उभा राहून डावीकडे घे, उजवीकडे घे ओरडत होता. रांग थेट बाहेरच्या चौकापर्यंत गेली. बाबा परत आल्यावर पोट धरून हसले होते. म्हणे, अरे, गाडी त्याची, आरसा त्याचा, वळवू दे की त्यालाच!

आता तू बघ. माझी बीपीची गोळी, माझं भाडं, माझा व्हिसा, माझं एकटेपण, सगळं तू ऑस्लोत बसून गोळा केलंस आणि मला हलवायला निघालीस. प्रेमाने, हे कळतं मला. खरं सांगते, तू येणार म्हणाल्यावर मला आनंदही झाला. तुझ्या खोलीतली चादर बदलली. मग त्याच पलंगावर बसून वाटलं, ही रोज माझ्यासमोर जेवेल, हिला सोडलेलं काम आठवेल, आणि ही ते कधी बोलून दाखवणार नाही. त्या बाबतीत तू बाबांवर गेली आहेस.

शेजारच्या अमीरुन्निसाभाभींजवळ मी रडले. त्या रत्नागिरीच्या, रडणाऱ्याला धड रडूही देत नाहीत. म्हणाल्या, वसुवैनी, तुला सांभाळायला मानूस कशाला हवा, तू काय लहान पोर हायस? पोरंच सांभाळायची तर आमच्या तस्नीमकडे चल, तिला बाई मिळत नाय म्हणून माझं डोकं खाते! तस्नीम म्हणजे त्यांची सून, तिची लहान मुलांची नर्सरी आहे. तिने मला कामावर घ्यायचं ठरवलं आणि तिच्या नर्सरीतर्फे माझा व्हिसा मागितला. पहिला अर्ज परत आला. दुसऱ्याचं काय होईल ते कोणी सांगेना. तू उगाच आशेवर राहशील आणि तोही परत आला तर आणखी घाईने निघशील, म्हणून तुला बोलले नाही.

दुसरा अर्ज मंजूर झाला आणि परवा इथे राहण्याचं कार्ड हातात आलं. माझ्या कामाचं, माझ्या नावाचं. मी रमणला फोन केला तर म्हणाला, खलास ताई, अब सो जाओ. आणि मी खरंच झोपले, भर दुपारी, भांडी तशीच ठेवून. बाबा गेल्यापासून इतकी गाढ झोप लागली नव्हती. हे सांगायला आणि एवढंच मागायला लिहिलं, की राजीनामा देऊ नकोस, दिला असशील तर मागे घे. ईदच्या सुट्टीत ये, माझ्या हातचं खा, आणि परत आपल्या कामाला जा. मला काय हवं ते मी सांगत जाईन, तू विचारत जा. कार्ड आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी नर्सरीत गेले आणि मुलांचे हात धुऊन त्यांना जेवायला बसवलं.

तुझीच,
सीबमधली आई