पलीकडे नुसतं धूम-धूम जातं

बाई, तुमचे गुडघे आता कसे आहेत? तिकडे जिने नसावेत अशी आशा आहे. मामाजींचा खोकला थांबला का, की अजून सगळ्या आळीला उठवून स्वतः घोरत पडतात? आपली काळी गाय भेटली असेल, तिच्या शिंगाची जखम भरली का? मोर्शीच्या मावशींना नमस्कार सांगा आणि त्यांची डोकेदुखी इकडेच राहून गेली, ती माझ्या वाट्याला आली हेही सांगा. इकडची खुशाली म्हणाल, तर तुमच्या थोरल्या लेकाची साखर ताब्यात आहे, जीभ नाही. नातू पुण्याला सुखरूप आहे आणि तिथून फोनवर हुकूम सोडतो. मी, तुमची थोरली सून, अंगाने ठणठणीत आहे, पण डोकं पार उठलं आहे. आणि धाकटी सून कशी आहे हे मला विचारू नका. ती भिंतीपलीकडे राहते आणि आम्ही बोलत नाही.

तुम्ही गेल्यावर दोघा भावांनी समजुतीने घर वाटून घेतलं. मोठ्या खोलीच्या मधोमध चार इंची विटांची भिंत उठली. भावांचं काही बिघडलं नाही, अजून एकाच टपरीवर चहा पितात. बिघडलं ते आम्हा जावांचं, आणि तेही कुरडयांवरून. गच्चीवर तिची चादर माझ्या अर्ध्यात आली होती, मी ती गुंडाळून बाजूला ठेवली. आत वाळत घातलेल्या कुरडया, त्यांचा भुगा झाला. ती म्हणाली, "गच्चीलेही वाटणी झाली काय?" मी म्हणाले, "चादरीले डोये नसतात, तुले तं हायेत ना?" झालं. तिच्या माहेरची, अंजनगावची माणसं मनात धरून ठेवतात, आणि मी कुठे कमी आहे म्हणा.

आता खरा वैताग ऐका. नातवाचं म्हणणं पडलं की आई, टीव्ही एवढा मोठा घेतला आणि आवाज पत्र्याच्या डब्यातून आल्यासारखा येतो, होम थिएटर घे, मी येऊन लावून देतो. यायच्या वेळेला साहेबांची रजा रद्द. तुमच्या लेकाला साउंडबार हवा होता, कारण काय तर "एक दांडी ठोकली का झालं." नातू म्हणे पाच स्पीकर आणि एक वूफर, त्याखाली बोलायचंच नाही. बाप-लेकाचं जुळेना म्हणून अकोल्याला गेलो, तिथे यांच्या ओळखीचं दुकान. दुकानात जाड गालिचे, जाड पडदे, अंधार. तिथे सगळंच गोड लागतं हो. मधाच्या बरणीत कान घातल्यासारखं. पाच स्पीकर घेऊन आलो. घरी चकचकीत फरशी आणि उघड्या भिंती. लावलं तर रिकाम्या हौदात बादली आपटावी तसा आवाज. जोडायला आलेला माणूस म्हणाला, "रूम बराबर नाही तुमची," आणि गेला तो गेलाच, फोन उचलत नाही. खोली काय मी दुकानात नेऊन बदलून आणू?

मग मीच मोबाईलवर पाहून शिकले. तुम्ही हसाल, पण आता कुठली वायर कुठल्या भोकात जाते ते मला झोपेतून उठवून विचारा. पहिल्यांदा चुकलीच. माणसांचे ओठ हलून थांबत, मग बोलणं येई, जणू सगळे ट्रंक कॉलवर बोलतायत. मागच्या दोन स्पीकरपैकी एक यांनी फ्रीजवर ठेवला, एक दाराच्या वर. सिनेमात कोणी मागून हाक मारली की हे उठून दार उघडायचे. तीनदा उघडलं. "कोनी नाही वो!" म्हणून माझ्यावरच चिडायचे. आवाज घुमू नये म्हणून तुम्ही नातवाच्या बारशाला दिलेली गोधडी मी मागच्या भिंतीवर लावली. त्यावरही ओरडले, "माह्या मायची गोधडी खुट्टीले टांगली!" मी म्हटलं, तुमच्या मायने घरातला पहिला टीव्ही कुठे ठेवला होता आठवते का?

मला तो दिवस लख्ख आठवतो. खोकं उघडलं आहे, पुरुषमंडळी बैठकीतली जागा मोजतायत, आणि तुम्ही कमरेला पदर खोचून येता, टीव्ही उचलायला लावता, स्वयंपाकघराच्या दारात स्टुलावर ठेवता, तोंड चुलीकडे. "ज्या राबतात त्यायले दिसलं पायजे. बाकीचे मान वाकडी करतीन." मामाजी महिनाभर मान वाकडी करून बातम्या बघत होते. मी भाकरी थापते आहे, धाकटी मेथी निवडते आहे, दोघींच्या मधे तुम्ही. एकदा आम्ही दोघी कशावरून तरी फुगून बसलो, तेव्हा तुम्ही खटकन बटण बंद केलं. "तुमी दोघी बोलत नाही तोवर हा डब्बाही बोलनार नाही." ऐन रंगात आलेलं होतं. घटकाभर दम धरला आम्ही, मग तीच म्हणाली, "जाऊबाई, मीठ देता का?" मी दिलं. तुम्ही बटण लावलं. मिठाची काही गरज नव्हती, तिच्या हातात मेथी होती.

तर वूफर. हा वूफर म्हणजे नुसता ठोके देणारा डबा. मोबाईलवरचा माणूस सांगत होता की तो आपल्या बसायच्या जागी ठेवा, गाणं लावा आणि खोलीभर रांगत फिरा. जिथे ठोका भरीव लागेल तीच त्याची जागा. मी या वयात फरशीवर रांगते आहे, कान जमिनीला, आणि हे दारात उभे. "काय हरपलं वो?" "डोस्कं हरपलं माहं." जागा ठरली, वूफर लागला, आणि दुसऱ्याच दिवशी दिरांकडून निरोप आला की धाकटी म्हणते, "माही भांडी फळीवर नाचून राह्यली." मी आवाज थोडा कमी केला. थोडाच.

दोन दिवसांनी पुन्हा निरोप, या वेळी यांच्यामार्फत. "नुसतं धूम-धूम येते, मानसं काय बोलतात ते येत नाही. त्या पोरीले सासऱ्यानं घरात घेतलं का नाही?" तेव्हा मला कळलं की ती भिंतीला कान लावून दुपारची मालिका बघते, म्हणजे ऐकते. तिचा टीव्ही विजेच्या कडकडाटात गेला, मुलाने मोबाईल हातात दिला, त्यात तिला मुंगीएवढी माणसं दिसतात. जड आवाज भिंत ओलांडतो, माणसाचं बोलणं अडकतं, असं तो मोबाईलवाला सांगतच होता. मी यांना सांगितलं, सांगा तिला, घेतलं घरात. यांनी जाऊन काय सांगावं? सासरा मेला! ती तिकडे दिवसभर उदास, मी इकडे कपाळावर हात मारून. निरोपांची अशी माती झाली, तर हेच उलटे भडकले, "मी काय पोस्टमन हाओ? बोला नाईतं नका बोलू, मी नाही जात." आणि टपरीवर निघून गेले.

आज त्या मालिकेचा शेवट आहे. दार उघडं ठेवलं आहे, लोट्यात पाणी आहे. एक सांगून टाकते, कोणाला सांगितलेलं नाही. रांगून पाहिलं तेव्हा वूफरची चांगली जागा खिडकीच्या कोपऱ्यात निघाली होती. मी तो मुद्दाम तिच्या भिंतीला टेकवला. नातवाला म्हटलं, वायर पुरत नाही. वायर बडनेऱ्यापर्यंत पुरेल.

मघाशी भिंतीपाशी गेले, हाक मारायला तोंड उघडलं आणि नुसता खोकला आला. पलीकडे भांडी घासायचा आवाज थांबला. मी परत येऊन हे लिहायला बसले. इतक्या दिवसांनी आधी काय म्हणतात हो, बाई? 'ये' म्हणावं, की 'येतेस का'? तुम्हाला असलं चटकन सुचायचं. हे पत्र कुठल्या पेटीत पडणार नाही, ते मला कळतं. तरी लवकर लिहा. पडद्यावर सुरुवातीची नावं यायला लागली.