सुलतानाची दाढी

४ फेब्रु.
सांताक्रूझला, नीलाबेनच्या बंगल्यावर. त्यांच्या वडिलांनी जमवलेली फारसी बखर अखेर क्रमानं लागली! समरकंदच्या कुणा सुलतानाची. सुटी ८३ पानं, बहुतेकांवर चित्रं. दोन वर्षं गेली. माझं फारसी वाचन गोगलगायीचं, म्हणून चित्रांवरूनच लावली: काळी दाढी आधी, पांढरी नंतर. २० ला चारकोपचा बाइंडर शिवायला येणार. स्वतःवर खूश आहे.

७ फेब्रु.
अंधेरीला काझीसरांकडे. फारसी त्यांनीच शिकवली. पानांचे फोटो दाखवले, शाबासकीसाठी. चार फोटो बघून चष्मा काढला. "बाई, पानाखालचा शब्द वाचलात?"
वाचला होता. तळाच्या कोपऱ्यात पुढच्या पानाचा पहिला शब्द लिहून ठेवायची पद्धत. बहुतेक ठिकाणी कडा कापताना तो गेलाय. उरलाय तिथे जुळेना, तर मी ठरवलं, लिहिणारा चुकला.
"तो नाही, तुम्ही चुकलात. इथं चितारी दोन आहेत. एकानं सुलतानाला म्हातारं होऊच दिलं नाही."
वाट लागली. माझ्या क्रमात सुलतान आधी मरतो, मग किल्ला जिंकतो.

८ फेब्रु.
सुधीर: "अगं, मुंबईत फारसी वाचतंय कोण? शिवू दे ना." नवरा म्हणून गप्प बसले नाही, चांगली भांडले. मग रडले. चुकले त्यापेक्षा त्या बिचाऱ्या लिहिणाऱ्याला नावं ठेवली, त्याची जास्त लाज वाटते.

९ फेब्रु.
नीलाबेनना सगळं सांगितलं. "ताई, तारीख नाही बदलणार. शिवून झाली की लगेच म्युझियमवाले न्यायला येतात." एकदा शिवली की कोण उसवतंय? चूक तशीच राहणार, कायमची. म्हटलं, २० च्या आत लावून देते.

१५ फेब्रु.
झेरॉक्स घेऊन ओळ न् ओळ. एका पानावर तुटलेलं वाक्य, त्याचा पुढचा तुकडा शोधायचा. ५२ झाली. जेवणाच्या टेबलावर सुलतान, आम्ही ओट्याशी उभ्यानं जेवतो. सुधीर बोलत नाही, पण काल भिंग आणून ठेवलं.

१९ फेब्रु.
सगळी लागली. फक्त ६०-६१ मध्ये वाक्य जुळत नाही. सर म्हणतात, मधलं पान हरवलंय, तिथे कोरं घाला. नीलाबेन: "कोरं? बखर अपुरी दिसेल ना! नको." मी म्हटलं, अपुरीच आहे. त्यांनी फोन ठेवला.
बाइंडर उद्या अकराला येतोय. मी कोरं पान घेऊन दहालाच जाऊन बसणार.