अडीच किलोची रायफल

१ जानेवारी, मॉसबर्न
नव्या वर्षाचा संकल्प एकच. रायफलचं वजन कमी करणे. आज चार किलो दोनशे ग्रॅम. एप्रिलपर्यंत अडीच किलो.
माझी रायफल दुकानातली नाही. गार्थ बंदूकवाल्याने माझ्या खांद्याचं माप घेऊन, अक्रोडाचं लाकूड निवडून ती बनवली होती. तेव्हा खांदा वेगळा होता. गेल्या एप्रिलमध्ये शिकारीला जाताना खिंडीखाली मला धाप लागली. शिकारीतला जोडीदार मर्डो, त्याने माझी रायफल काढून घेतली, आपल्या रायफलशेजारी लटकावली आणि शीळ घालत वर गेला.
काल पार्टीत त्याने सगळ्यांसमोर जाहीर केलं, की यंदा शिकारीला जो आपली रायफल खिंडीपर्यंत स्वतः नेणार नाही, तो डोंगरातल्या खोपीत बसून बाकीच्यांचं स्टू शिजवेल. कायमचा. "लेस, तुला एप्रन फुलाफुलांचा शिवू की साधा?" असंही विचारलं. सगळे हसले. नोलीन सगळ्यांत जोरात. लग्नाच्या बायकोने तरी हसू आवरायला हवं होतं.
मी केकवर आणखी क्रीम घेतलं. नंतर रात्रभर झोप नाही. बहुधा क्रीम जास्त झालं.

१९ जानेवारी
गार्थकडे गेलो. नळी आखूड कर, लाकडी दस्ता आतून पोकळ कर, म्हटलं. "म्हातारबा, इतकी हलकी केलीस तर गोळी झाडताना लाथ मारेल हं," म्हणाला. मी सांगितलं की मी मेंढ्या, घोडी आणि सासू, तिघींच्या लाथा खाल्ल्या आहेत. काप.

७ फेब्रुवारी
रायफल आली. परसात कपडे वाळत घालायच्या दांडीला मासे तोलायचा काटा अडकवून वजन केलं. तीन किलो दोनशे! अर्धी लढाई जिंकली.
नोलीन चादरींमधून डोकं काढून म्हणाली, "तिला कशाला छळतोस? तू चीज रोल कमी कर." तिला शास्त्र कळत नाही. पोट पुढे, रायफल मागे. त्यानेच तोल राहतो. पोट कमी केलं तर मी मागे पडेन.
चीज रोल चार.

८ फेब्रुवारी
नेमबाजीच्या रेंजवर एकच गोळी झाडली. रायफलवरची दुर्बीण भुवईवर आदळली. चंद्रकोरीसारखी खोक. वारा होता.
नोलीनने गोठवलेल्या मटारांची पिशवी डोळ्यावर ठेवली आणि मर्डोला फोन केला. हे करायची गरज नव्हती. तो पलीकडून इतका हसला, की मला या खोलीत ऐकू आलं.
निर्णय: आता थेट हरणावरच झाडायची. नेम मुळातच चांगला आहे, सरावाने बिघडतो.

२ मार्च
दस्ता घासला. आणखी घासला. चामडी पट्टा काढून जुन्या ड्रेसिंग गाऊनची दोरी बांधली. गवसणी जड, म्हणून नोलीनकडून लोकरीची विणून घेतली. तिच्याकडे गुलाबीच लोकर होती. हरणांना रंग कळत नाहीत.
वजन दोन किलो नऊशे. इथून काटा हलेना. एप्रन दिसू लागला.

१८ मार्च, सकाळ
परवाना ऑफिसातून फोन. बंदूक नीट कुलपात ठेवतो का, हे बघायला बाई येणार, तासाभरात. नियम असा, की रायफल एका जागी आणि बोल्ट दुसऱ्या जागी. बोल्ट म्हणजे गोळी आत सारणारा लोखंडी दांडा. तो ओढून काढला, धावत जाऊन कपडे धुवायच्या खोलीतल्या कपाटात कुलूपबंद केला. किल्ली नोलीनकडे दिली, कारण माझ्याकडून हरवतात. रायफल गुलाबी गवसणीत घालून पोलादी कपाटात.
बाई म्हणाली, इतकं काटेकोर घर तिने पाहिलं नाही. चहाबरोबर दोन स्कोन खाल्ले.

१८ मार्च, दुपार
देवा रे देवा! बाई गेल्यावर सहज म्हणून रायफल गवसणीसकट काट्याला टांगली. अडीच किलो! बरोबर अडीच! पुन्हा टांगली. अडीच!
कारण उघड आहे. घासलेलं लाकूड वाळलं. इथला जानेवारी-फेब्रुवारीचा उन्हाळा यंदा कोरडा होता, हे मी सगळ्यांना सांगतच होतो.
नोलीनला ओढून दांडीभोवती नाचवलं. "अरे, कंबर मोडेल माझी, म्हाताऱ्या!" म्हणत होती, पण नाचत होती. मर्डोला फोन करून सांगितलं, एप्रन स्वतःच्या मापाचा शिव.

४ एप्रिल
सामान बांधलं. आता एक ग्रॅमही फुकट न्यायचा नाही. वाचायचा चष्मा घरीच. त्याने जवळचं दिसतं, हरीण लांब असतं. चीज रोल घेतले, ते वाटेत संपतात, म्हणून धरले नाहीत.

९ एप्रिल, खिंड, सकाळ
पहिला! मी पहिला! मर्डो खाली दगडावर बसून धापा टाकतो आहे. वाटेत त्याने माझी रायफल एका बोटावर तोलून पाहिली, आणि त्याचा चेहरा! "लेका, चिमणीच्या हाडांची बांधलीयस का?" म्हणाला. मी शीळ घातली. मुद्दाम.
दरीत नर हरणं माजात येऊन डरकाळ्या फोडताहेत. एक तर अगदी जवळ. लिहिणं बंद.

९ एप्रिल, खोपी
हरीण मोकळ्यावर आलं. शिंगं अशी, की नोलीनच्या सगळ्या चादरी वाळत घालता आल्या असत्या. मी गवसणी काढली. बोल्टकडे हात नेला. हात रिकामा परत आला. पुन्हा नेला. बोल्ट धुण्याच्या खोलीत. किल्ली नोलीनच्या खिशात.
तेवढ्यात मर्डो रांगत वर आला. त्याने एकदा बोल्टच्या रिकाम्या भोकाकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि स्वतःची रायफल माझ्या हातात दिली. "मार, लेस. तुझं आहे ते." हे तो बोलला, हे मान्य करायला हवं. पण ती केवढी जड! मला आता हलक्याची सवय. मी उचलली, नळी खाली गेली. पुन्हा उचलली, पुन्हा गेली. हरणाने दोन्ही वेळा वाट पाहिली. मग गेलं.
मी म्हटलं, रायफल खिंडीपर्यंत मीच आणली, तेव्हा पैज मी जिंकली. मर्डो पोट धरून हसत होता. शेवटी डोळे पुसून म्हणाला, "बोल्ट नसलेल्या काठीला रायफल म्हणत नाहीत, बाबा."

१० एप्रिल, खोपी
बाकीचे पहाटे वर गेले. डरकाळ्या इथे चुलीपाशीही ऐकू येतात. एप्रन फुलाफुलांचा आहे. तो मर्डोने जानेवारीतच शिवून घेतला होता.
कांदे कापले. स्टूचं लोखंडी पातेलं भलतंच जड आहे. दोन्ही हातांनीही उचलवत नाही. उतरल्यावर गार्थला विचारायला हवं, पातेल्याच्या कानांना भोकं पाडून ते हलकं करता येईल का.