राहीचा दाखला विलायतेला

४ एप्रिल १९७१, रविवार
बदली होऊन गेलेल्या मेजरसाहेबांच्या रद्दीत एक इंग्रजी मासिक सापडलं. मागच्या पानांवर विलायतेतल्या शाळांच्या जाहिराती. आमची मुलगी राही यंदा सातवी पास होईल. आठवीला इंग्लंडच. भिंगारात राहून कोणाचं भलं झालंय? अठरा वर्षं लष्करी डेपोत क्लार्क आहे, ड्राफ्ट माझा आणि सही साहेबाची. तीन शाळांना पत्रं टाकली. तिकडे खाजगी शाळेला पब्लिक स्कूल म्हणतात, हे अख्ख्या डेपोत मला एकट्याला ठाऊक. माझं इंग्रजी पाहून फी माफ करतील.

२ मे
तिन्ही माहितीपुस्तकं आली. रंगीत फोटो. राही फोटो बघून काही विचारायला लागली. म्हटलं, आधी हात धुऊन ये.

९ मे, सकाळी
तुलना. पहिली शाळा समुद्रकाठी. राहीला सर्दी होईल. बाद. दुसरीच्या हेडमास्तरांची सही रबरी शिक्क्याची. बाद. उरली ब्रॅकनली हॉल. त्यांच्या पत्रात 'तुमच्या मुलाविषयी' असं टाइप केलंय. टायपिस्टची चूक. कळवणार नाही, बिचाऱ्याची नोकरी जायची.
निवड करणाऱ्याला किती शीण होतो, ते घरात कोणाला कळत नाही.

दुपारी
सौ.चं माहेर तिसगाव, त्यामुळे नजरही तिसगावपर्यंतच. म्हणाली, आदी हितल्या हायस्कुलात नाव घालून ठिवा, मंग जाऊ द्या इंग्लंडाला. म्हटलं, दोन डगरींवर पाय ठेवू नयेत.

१७ मे
शाळा सोडल्याचा दाखला काढला. हेडमास्तर रंगनाथराव म्हणाले, नक्कल पाठवा, अस्सल जपा, त्याशिवाय आठवीला कोणी घेणार नाही. इंग्लंडला नक्कल पाठवायची? शोभतं का? अस्सल दाखला आणि राहीचा दोन वेण्यांचा फोटो रजिस्टर्ड एअरमेलने रवाना.

१ जून
लिलावातल्या मिलिटरी कांबळ्याचा कोट शिवून आणला. राहीने घातला आणि घामाने भिजली. सवय होईल.

१४ जून
शाळा सुरू. गल्लीतल्या मुली आठवीला गेल्या. राही दारात उभी होती. म्हटलं, तुझी शाळा सप्टेंबरात. मुली वळणाआड जाईपर्यंत ती बघत राहिली. मला बरं वाटेना. उद्यापासून तिला रोज एक तास इंग्रजी शिकवणार.

१५ जून
जमलं नाही. ऑफिसात फार दमलो.

२२ जून
शिकवायला बसलो. तिने डिक्शनरी घेऊन माहितीपुस्तक अर्धंअधिक वाचून काढलंय. माझा तास वाचला. ती काहीतरी सांगत होती, तेवढ्यात डोळा लागला.

२७ जून
सौ. बोलत नाही. ताट मात्र आवाज करून ठेवते. पोस्टमन पुंजाराम मला पाहिलं की सायकल जोरात मारतो.

१२ जुलै
पत्र आलं. फार सभ्य इंग्रजी. फोटो सगळ्यांना आवडला. परंतु ब्रॅकनली हॉल ही दीडशे वर्षं फक्त मुलांची शाळा आहे. दाखला जहाजाच्या टपालाने परत पाठवलाय. दोन-तीन महिने लागतील.
राही म्हणाली, फोटोत येक बी पोरगी नव्हती, दादा. मी तवाच इचारत हुते.
माहितीपुस्तकाचं पान न् पान तपासलं; खरंच नव्हती. पोरीचं वर्ष माझ्यामुळे जायची वेळ आली. फार वाईट वाटलं. जेवलो नाही.

१३ जुलै, संध्याकाळी
सौ. रंगनाथरावांना सोबत घेऊन हायस्कुलात जाऊन आली. मला विचारलंही नाही. दाखला येईपर्यंत राहीला वर्गात बसू देणार आहेत, पण पालकाचा लेखी अर्ज हवा.
मी पेनात शाई भरली. एवढं तरी काम माझं. तर राहीने अर्ज लिहूनच ठेवला होता: 'माझ्या मुलीचा अस्सल दाखला मी चुकून परदेशी पाठवला आहे. तो परत येईपर्यंत तिला वर्गात बसू द्यावे, ही विनंती.'
चूक काढायची म्हणून तीनदा वाचला. 'चुकून' बदलायला सांगणार होतो, पण त्या जागी दुसरा शब्द सुचेना.
सही केली. अठरा वर्षांत प्रथमच ड्राफ्ट दुसऱ्याचा आणि सही माझी.