नुकागाचे सोमवारचे लाडू

८ जून, सोमवार

टीव्हीवरच्या अकरा सेकंदांचा खरा खर्च: कॅमेरावाल्यांच्या चार थाळ्या फुकट. गेल्या रविवारचं दुपारचं गिऱ्हाईक बुडालं. जयमालाचा अख्खा दिवस एक्झॉस्टची काजळी घासण्यात गेला, आणि एक्झॉस्ट दाखवलाच नाही. वर तिचा दोन दिवसांचा अबोला. कारण मी कॅमेऱ्यासमोर ‘माझे लाडू’ म्हणालो. वळते ती.

पण अकरा सेकंद झकास! टीव्हीवाल्या मुलीने विचारलं, नुकागा-सान यंदा बेसबॉलमध्ये एवढे होमरन कसे मारतात? मी डबा उघडून धरला. डिंक, खारीक, सुकं खोबरं, साजूक तूप. म्हटलं, हे आमचं औषध आहे बाई, सोळा होमरन झाले ना, सोळाच्या सोळा या लाडवांचे! सगळं जपानीत, कुठे न अडखळता. नागोयाला सुट्या भागांच्या कारखान्यात फिटर म्हणून उतरलो तेव्हा ‘पाणी’ म्हणता येत नव्हतं. पुस्तक उघडलं नाही कधी. कानाने शिकलो. ग्योतोकूत एकवीस खुर्च्यांचं हॉटेल चालवतो तेही कानावरच. कोपऱ्यातल्या टेबलावर ‘मीठ जास्त’ असं कुणी पुटपुटलं तरी मला भटारखान्यात कळतं. या कानातून शब्द सुटत नाही.

नुकागा आज आला होता, आईला घेऊन. सोमवारी सामने नसतात. मागच्याच गल्लीत राहतात दोघं. एकतीस वर्षांचा घोडा, दोन वर्षं खालच्या, राखीव टीममध्ये कुजला, यंदा वर आला आणि बॅट अशी फिरते की पेपरवाले वेडे झालेत. करार या मोसमापुरताच आहे. आई थाळी खाते, चहा बिनसाखरेचा. हा बाटलीतला चहा घेऊन समोर बसतो, डाएट म्हणतो. मार्चपासून मीच जबरदस्तीने लाडवांचा डबा त्याच्या हातात देतो. दोन्ही हातांनी घेतो, वाकतो, म्हणतो, ‘ओइशिसो-देसु ने.’ चवदार म्हणे! आज जास्तच वाकला. टीव्ही बघितला असणार.

त्याचे आठ लाडू मी वेगळे वळवून घेतो. त्यात एक चमचा तालमीतल्या दोस्ताचं चूर्ण. चिंचवडहून येतं, जुन्या बरणीत, सुटं. इतरांच्या लाडवांत नाही. आपल्या माणसाला थोडं जास्त.

९ जून, मंगळवार

दुपारी बाहेर रांग. सगळ्यांना ‘नुकागा लाडू’ हवा. जयमाला बोलायला लागली.

११ जून, गुरुवार

रांग नाही. दोन टाय घातलेले गडी पनीर खात कुजबुजत होते. मी कांदा चिरत होतो. कानावर आलं — ‘कुसुरी’. मग हसू. मग पुन्हा, ‘मालकाने स्वतःच सांगितलं की, कुसुरी.’

कुसुरी म्हणजे औषध. औषधाच्या दुकानावर हिरव्या पाटीवर लिहिलेलं असतं. मग हसायचं काय त्यात?

जयमाला पार्टटाइमहून आली. तिचं कामच औषधाच्या दुकानात. तिला सांगितलं. ती पिशवी खाली न ठेवता तशीच उभी राहिली.

“अहो, तुम्ही टीव्हीवर नेमकं काय म्हणालात?”

“हे आमचं औषध आहे, म्हटलं. कुसुरी.”

“आमच्या पाटीवर कुसुरी लिहितात ते वेगळं. सर्दीची गोळी मागायला आलेला माणूस कुसुरी म्हणतो ते वेगळं. बेसबॉलवाल्याबद्दल टीव्हीवर कुसुरी म्हटलं की लोक काय समजतील?”

मी सुरी खाली ठेवली.

“ड्रग्ज, अहो. ड्रग्ज.”

तिच्या फोनवर बघितलं. माझा फोटो, हातात लाडू, खाली पिवळ्या अक्षरांत तोच शब्द. खाली हजारो लोक. एकाने लिहिलंय, भारतीय गोळी बघा केवढी मोठी आहे ती. डिंकाचा लाडू, गोळी! आमच्याकडे बाळंतिणीला देतात रे हा. आपण कौतुकाने म्हणतो, अहो डिंक म्हणजे औषधच. यापेक्षा मोठं कौतुक मराठीत नाही. आणि यांनी त्याचं हे केलं.

१२ जून

टीव्हीच्या ऑफिसला फोन केला. बाई फार गोड बोलली. तीन वेळा माफी मागितली, केलं काहीच नाही.

१४ जून, रविवार

स्वानंदला घेऊन स्टेडियमला गेलो. स्वानंद पुण्याचा, सॉफ्टवेअरवाला, रोज दुपारी जेवायला असतो. ट्रेनमध्येच सुरू झाला.

“काका, राग मानू नका, पण आकडे बघा. एकतिसाव्या वर्षी माणूस असा अचानक सुधारत नाही.”

“तुझा प्रोग्रॅम एकदा पहिल्या फटक्यात चालला होता. तेव्हा मी तुझी लघवी मागितली होती का?”

समोरच्या सीटवरची मराठी बाई खुदकन हसली. स्वानंद खिडकीबाहेर बघत बसला.

इथे प्रत्येक बॅटरचं आपलं गाणं असतं. तो मैदानात आला की त्याच्या बाजूचे हजारो लोक उभे राहून ट्रम्पेटवर, ढोलावर ते गाणं म्हणतात. आठव्या नंबरच्या पोरासाठीसुद्धा म्हणतात. नुकागा बॅट घेऊन आला. समोरच्या गॅलरीत कुणीतरी टॉवेल पसरला, त्यावर तोच शब्द. ते समजू शकतो, ते शत्रू. पण आपल्या बाजूचे! ट्रम्पेटवाल्याने ट्रम्पेट मांडीवर ठेवला. ढोल बंद. गाणं नाही. शिव्या नाहीत, आरडाओरड नाही, फक्त हजारो माणसं हात मांडीवर ठेवून बसली. पॉपकॉर्नवालीची हाक मला तिसऱ्या मजल्यावरून ऐकू आली. शिव्या परवडल्या!

मी उठलो आणि एकट्याने त्याचं गाणं म्हटलं. बेसूर. स्वानंद म्हणाला, “काका, बसा, लोक बघतायत.” बघू देत. तेच तर हवंय.

तीन वेळा बाद झाला. जाताना आपल्या बिनगाण्याच्या गॅलरीकडे टोपी काढून वाकला.

१५ जून, सोमवार

आला. मला वाटलं येणार नाही. आई मागे. काउंटरपाशी उभा राहिला आणि कमरेत वाकला. म्हणाला, माझ्यामुळे तुमच्या दुकानाला त्रास झाला, क्षमा करा.

माझं डोकंच फिरलं. त्याची क्षमा! तोंड माझं सुटलं, टॉवेल त्याच्यासमोर, आणि क्षमा तो मागतो!

मी म्हटलं, “नुकागा-सान, ओरड की एकदा. सांग की, मी नाही घेतलं.”

तो म्हणाला, “सांगितलंय. सांगितल्यावर ते अजूनच खरं वाटतं लोकांना.”

डबा दिला. वाटलं नको म्हणेल. दोन्ही हातांनी घेतला. ‘ओइशिसो-देसु ने.’ असा माणूस! चिडलेल्या जगात लाडवाचं कौतुक करायला विसरत नाही.

१८ जून, गुरुवार

टीमकडून दोन माणसं आली. काळे सूट, पातळ आवाज. एक वकील, एक डॉक्टर. म्हणाले, नुकागा-सानना तपासणी होईपर्यंत खालच्या टीममध्ये उतरवलंय. त्यांची लघवी दिलेली आहे. आता लाडूही प्रयोगशाळेत पाठवायचे आहेत, त्यांच्यासाठी करता तेच हवेत.

मी म्हटलं, न्या की! फ्रिजमध्ये पुढच्या सोमवारचे आठ होते. आठही दिले. तुपाचा डाग त्या वकिलाच्या बाहीला लागला तेव्हा बरं वाटलं.

“ते हे खरोखर खातात का, मोरे-सान?” डॉक्टरने विचारलं. मोरेश्वरचं त्यांनी कापून मोरे करून टाकलंय.

“दर सोमवारी आठ. मार्चपासून एकही लाडू परत आलेला नाही. लिहून घ्या!”

त्यांनी लिहून घेतलं. मी सही केली, ठसठशीत.

दुकानाबाहेर जाऊन वकील हळूच म्हणाला, मालकाचा आत्मविश्वास बघ. मला ऐकू आलं.

२१ जून, रविवार

रिकाम्या खुर्च्या. स्वानंद आला, माझ्यासमोर मान खाली घालून जेवत होता. मग म्हणाला, “सॉरी काका. पण लोकांनी कशावर विश्वास ठेवायचा ते तरी सांगा.”

मी सांगितलं. गेले दोन हिवाळे मी पहाटे एदो नदीच्या बांधावर फिरायला जातो. बांधाखाली तो एकटा बॅट फिरवत असतो. चेंडू नाही, कोणी नाही, नुसती हवा. अंधारात दिसत नाही, ऐकू येतं. पहिल्या हिवाळ्यात बॅट ‘फूस’ करायची, फुटक्या भात्यासारखी. मी मनात म्हणायचो, बाबा, नोकरी शोध. थांबला नाही. दुसऱ्या हिवाळ्याच्या मध्यावर आवाज बदलला. ‘सप्.’ चाबकासारखा आखूड. मी बांधावर थबकलो होतो. फिटर माणूस मी, यंत्र कधी नीट लागलं ते आवाजावरून सांगतो. त्या दिवशी ते यंत्र लागलं. जानेवारीची गोष्ट. माझा लाडू मार्चमधला.

स्वानंद जेवायचा थांबला. “मग टीव्हीवर हे का नाही सांगितलंत?”

त्याला दही वाढलं.

का नाही सांगितलं? कारण बांधावरच्या आवाजात मी कुठे होतो?

२२ जून

नुकागा आला नाही. आईही नाही.

२५ जून, गुरुवार

एका साप्ताहिकात ‘नाव न सांगणाऱ्या जाणकारा’चा लेख. जाणकार म्हणतो, भारतातल्या कुस्तीच्या आखाड्यांत अशा पावडरी सर्रास मिळतात. सर्रास! हा कधी तालमीत गेला होता? लाल माती याने पायाला लावली आहे का? संतापाने पोळी करपवली.

जयमालाने लेख दोनदा वाचला. मग विचारलं, “तुमच्या त्या दोस्ताचं चूर्ण कशाकशाचं असतं हो?”

“मुसळी, अश्वगंधा. शुद्ध वनस्पती.”

“बरणीवर लिहिलंय?”

“बरणीवर मुरांबा लिहिलंय. दोस्त आहे तो माझा.”

तिने बरणी उजेडात धरून बघितली. औषधाच्या दुकानात काम करायला लागल्यापासून तिचं असं बघणं जड झालंय.

२ जुलै, गुरुवार

लाडवात सापडलं.

वकील आणि डॉक्टर पुन्हा आले, या वेळी बसले. स्नायू वाढवायचं औषध. बंदी असलेलं. डिंकात ते नसतं, खारकेत नसतं, म्हणजे त्या चूर्णातलंच. नाव मी चार वेळा विचारलं आणि चारही वेळा कानात राहिलं नाही.

मी विचारलं, नुकागाची तपासणी?

“निकाल यायचा आहे. पण तुमचा जबाब आमच्याकडे आहे, मोरे-सान. दर सोमवारी आठ.”

दार लोटून गेले. या वेळी बाहेर काही बोलले असतील तर ऐकू आलं नाही.

३ जुलै, शुक्रवार

चिंचवडला फोन लावला. दोस्त हसला. म्हणाला, “अरे मोऱ्या, पोरांना पंधरा दिवसांत फरक दिसला पाहिजे. नुसत्या मुसळीने कोण पैसे देतो? सगळेच टाकतात थोडं. तुझ्या जपान्याला दिसला ना फरक?”

मी ओरडलो. आई-बहिणीवरून ओरडलो. जयमालाने मधलं दार लावलं. ओरडून झाल्यावर तो म्हणाला, “तू कधी विचारलंस का, यात काय आहे म्हणून?”

तीन आठवडे मी अख्ख्या जपानवर चिडलो. टॉवेलवर, ट्रम्पेटवर, जाणकारावर. आणि गोळी माझ्याच हातची निघाली. बांधावर दोन हिवाळे राबलेला माणूस, एकतिसाव्या वर्षी, करार शेवटचा. आता बंदी. त्याला कोण घेणार? आणि पुराव्याखाली सही कोणाची, ठसठशीत?

बरणी जयमालाने कुठे नेली ते विचारलं नाही.

६ जुलै, सोमवार

टीमला फोन केला. म्हटलं, त्याला ठाऊक नव्हतं, मी घातलं, माझ्या नावाने छापा. पलीकडचा म्हणाला, नियमात ‘ठाऊक नव्हतं’ असं काही नसतं. खेळाडूच्या पोटात गेलं की ते खेळाडूचंच.

संध्याकाळी मागच्या गल्लीत गेलो. त्यांच्या दारापाशी उभा राहिलो. आत भांडी विसळल्याचा आवाज. बेल वाजवायचा धीर झाला नाही. परत आलो.

७ जुलै, मंगळवार

दुकान उघडायच्या आधी नुकागाची आई आली. एकटी. हातात मोठी कापडी पिशवी. मी बोलायला तोंड उघडलं तर ती आधीच वाकली, इतकी की मला भीती वाटली, उठते की नाही.

म्हणाली, काल निकाल आला. मुलगा स्वच्छ आहे. उद्यापासून पुन्हा वरच्या टीममध्ये.

मी म्हटलं, पण कसं? दर सोमवारी आठ—

तिने पिशवीतून डबे काढले. मार्चपासूनचे सगळे. घासून, पुसून, झाकणं वेगळी लावून. काउंटरवर मनोरा झाला. मग सांगितलं, खाली बघत. मुलगा व्यावसायिक झाला त्या दिवसापासून ज्यावर काय काय आहे ते छापलेलं नाही, असं काही तोंडात घालत नाही. पाणीसुद्धा सीलबंद. पण तुम्ही एवढ्या प्रेमाने देता, नको कसं म्हणायचं? मला तर साखर आहे. म्हणून रात्रभर त्याच्या वडिलांच्या फोटोपुढे ठेवायचो. सकाळी फोटोची आणि लाडवांची क्षमा मागायचो.

“पण दर वेळी म्हणायचा ना, ओइशिसो!”

ती गोंधळली. “हो. ओइशि-सो. चवदार दिसतंय.”

दिसतंय. ‘आहे’ असं तो एकदाही म्हणाला नव्हता.

मंगळवार हा आमच्या भागात जाळायचा कचरा उचलून नेण्याचा दिवस. माझे सगळे लाडू तिकडे गेले.